यंदा मी एकटी नव्हते

बाळ्या,

जेवण फ्रीजमध्ये आहे, गरम करून घे.

गेल्या वर्षी पोहण्याच्या स्पर्धेत सत्तरीपुढच्या गटात मी एकटीच होते. माझं पदक बघून तू म्हणालास, "एकटीच पोहून पहिली आलीस होय!" मी हसले, पण मला ते फार लागलं. म्हणून वर्षभर रोज सकाळी तुझ्या सासूबाईंना तलावावर नेऊन पोहायला शिकवलं. तुम्हाला वाटायचं, आम्ही बागेत फिरतोय.

आज स्पर्धेत त्यांना चांगलं दहा हात मागे टाकलं. त्यांचं गुडघ्यांचं रडगाणं केव्हाच बंद झालंय; आता म्हणतात, "विहीणबाई, पुढच्या वर्षी बघून घेते तुम्हाला!" आम्ही दोघी आइस्क्रीम खायला चाललोय.

बाल्कनीतले दोन्ही स्विमिंग कॉश्च्युम आत घे.

पदक तुझ्या ताटाशेजारी ठेवलंय. आता हस बघू!

आई