घोड्याच्या घरातला घोडा

मी, मुखरू वारलू निकुरे, वय वर्षे एकाहत्तर, निवृत्त वनरक्षक, राहणार आरमोरी, जिल्हा गडचिरोली, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय आणि दोन कप चहा घेऊन लिहीत आहे. डोळे अधू झाले, गुडघे गेले. पण काल मी पटाकडे न पाहता बुद्धिबळाच्या एका डावाच्या बावीस चाली सांगितल्या आणि सून चंचल हिने त्या मोजल्या. तेव्हा माझ्या बुद्धीबद्दल कोणी शंका काढू नये.

सन २००९ मध्ये हर्नियाच्या ऑपरेशनआधी घाईत केलेले मृत्युपत्र याद्वारे रद्द करतो. त्यातले सातवे कलम लिहिल्याची मला आता लाज वाटते. त्याचा खुलासा पुढे येईल.

कलम १. राहते घर आणि बँकेतली ठेव पत्नी शकुबाई हिची. लग्नानंतर पंचेचाळीस वर्षे तिने जेवणाचे ताट वाढून "पट उचला" एवढेच सांगितले, पट कधी फेकला नाही.

कलम २. धानाची दीड एकर जमीन मुलगा अजय आणि मुलगी ललिता यांना निम्मी निम्मी. अजयला घोडा कसा चालतो हे अजूनही नीट येत नाही. याचा मला राग होता, आता नाही.

कलम ३. माझ्या एकेचाळीस वह्या चंचलच्या. पहिल्या सोळा वह्यांत डावांच्या सुरुवातींचा अभ्यास आणि वर्तमानपत्रातून उतरवलेले स्पर्धांचे डाव आहेत. बाराव्या वहीत एक सुरुवात 'माझा शोध' म्हणून लिहिली आहे. ती लोक माझ्या जन्माआधीपासून खेळत होते, हे मला फार उशिरा कळले. तरी जंगलातल्या नाक्यावर मी ती एकट्याने शोधली होती, त्यामुळे नाव खोडू नये. सतरा ते एकोणचाळीस या तेवीस वह्यांत एकच डाव आहे. उरलेल्या दोन कोऱ्या आहेत.

कलम ४. तो डाव असा. सन १९९१, गडचिरोलीची जिल्हा स्पर्धा, शेवटची फेरी. समोर माझा मित्र दसरू जंगू मडावी. तो अर्ध्या गुणाने पुढे, म्हणजे मला जिंकणे भाग होते. माझे प्यादे शेवटच्या ओळीत पोचले, ते घोड्याच्या घरात. आमच्या गावच्या खेळात प्यादे ज्या घरात पोचते त्या घराचा मोहरा होते. स्पर्धेच्या नियमात हवा तो मोहरा घेता येतो, हे मला पाठ होते. पण मारलेले मोहरे दसरूच्या बाजूला होते. मी हात पुढे केला, त्याने तळहातावर घोडा ठेवला आणि मी सवयीने तो पटावर मांडून शह दिला. डाव बरोबरीत सुटला. ढाल दसरूला मिळाली. बाहेर लोक हसले, "वजीर सोडून घोडा घेतला ना गा."

दसरूने मुद्दाम घोडा दिला, असे मी धरून बसलो. चौतीस वर्षे आरमोरीच्या बाजारात तो दिसला की मी भाजीची रांग बदलत असे. जुन्या मृत्युपत्राचे सातवे कलम होते: 'दसरू मडावी याने माझ्या मयतीस येऊ नये.'

गेल्या महिन्यात चंचलने तो डाव मोबाईलवर मांडला. मोबाईलने क्षणभरही विचार केला नाही. वजीर घेतला असता तर पुढच्याच चालीला दसरूचा हत्ती माझ्या राजाच्या ओळीत येऊन मला मात होती. घोड्याने शह बसला, राजाला हलावे लागले, म्हणून मी वाचलो. तेवीस वह्यांत मला हे दिसले नाही, कारण त्याच्या चाली मीच खेळत होतो आणि त्याच्या वतीने दरवेळी हलक्या खेळत होतो. ढाल कोणत्याही वाटेने माझी नव्हतीच. हे कळल्यावर मला वाईट वाटायला हवे होते. उलट छातीवरचा धोंडा उतरला आणि मी दुपारभर झोपलो.

दुसऱ्या दिवशी दसरूच्या खळ्यावर गेलो. तो धानाचे भारे रचत होता. सगळे सांगितले. तो म्हणाला, "घर घोड्याचं होतं, मी घोडा देल्ला. वजीर मांगतला असता तं वजीर देल्ला असता. काऊन गा भाऊ, येवढ्यासाठी बोलत नव्हता? मले वाटे, मी तुही छत्री वापस नाई केली म्हून."

मग त्याने खळ्यावरच्या झोपडीच्या आढ्यावरून माझी छत्री काढून दिली. कापड उंदरांनी खाल्ले आहे, काड्या शाबूत आहेत. ती मिळाल्याची नोंद येथे करतो. ती कोणाला देण्यासारखी राहिलेली नाही.

कलम ५. माझा सागवानी पट आणि सर्व मोहरे दसरूला द्यावेत. त्याने मयतीला यावे आणि पुढून खांदा द्यावा. तो माझ्याहून दोन वर्षांनी मोठा आहे. तो आधी गेला तर खांदा मी देईन आणि पट चंचलला मिळेल.

लिहून देणार: मुखरू वारलू निकुरे (सही)

साक्षीदार:
१. सत्यशीला अंकुश गेडाम, शेजारी (सही)
२. ~~दसरू जंगू मडावी~~ अतुल कोलू भोयर, किराणा दुकानदार (सही)

खाडाखोडीचा खुलासा: दुसरा साक्षीदार म्हणून दसरू सहीला बसला होता. ज्याला काही मिळायचे आहे त्याने साक्षीदार होऊ नये, असा वकिलांचा सल्ला मी त्याला सांगितला. त्याने पेन खाली ठेवले आणि म्हणाला, "मंग दुसरा साक्षीदार पाहा. मले तो घोडा पायजे." अतुलला दुकानातून बोलावले. दोन्ही साक्षीदारांसमोर सही करून मी हात पुढे केला. दसरूने पटावरून घोडा उचलून माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाला, "अभी तुह्याजवळच राहू दे. पट लाव."

ठिकाण: आरमोरी
दिनांक: १६ नोव्हेंबर २०२५