शवपेटीवरचा झेंडा

प्रिय कोरीन,

कुंपणावरचे गुलाब यंदा असे भरले आहेत की खिडकी उघडली की शाळेतली एखादी कविता ओठांवर येते आणि दुसऱ्या ओळीला अडकते. पूर्वी पुढची ओळ तू सांगायचीस. आता अडकलो की अडकलोच.

तुला आठवतं, दर जूनमध्ये माजी सैनिकांच्या मैदानावर आपण गावातले जीर्ण झेंडे रीतसर, सन्मानानं जाळायचो? कुणाच्या ओसरीवरचा विटलेला, कुणाच्या दुकानावरचा फाटका. मीच तुला शिकवलं, की ताऱ्यांचा निळा तुकडा आधी कातरून वेगळा करायचा, म्हणजे तो झेंडा उरत नाही, मग पट्ट्यांना अग्नी द्यायचा. धुरानं तुझे डोळे वाहायचे आणि तुझा भाऊ ड्वाइट ओरडायचा, "बाबा, हिला सैन्यात घेऊ नका, शत्रू हसून हसून मरेल!"

व्हिएतनामच्या युद्धातून तो शवपेटीतून आला. पेटीवरचा झेंडा त्यांनी त्रिकोणी घडी घालून तुझ्या आईच्या मांडीवर ठेवला. तीही गेली, आणि भिंतीतल्या शेकोटीवरच्या फळीवरची ती घडीच माझं माणूस झाली. सकाळची कॉफी मी तिच्याशेजारी प्यायचो. कविता म्हणायचो. अडकलो तरी तिथे कुणी हसत नसे.

गेल्या शरदात तू एका रात्रीपुरती आलीस, पोटभर भोपळ्याचा गोड पाई खाल्लास, निघताना मला घट्ट मिठी मारलीस. तू गेल्यावर पाहतो तर फळीवर धुळीत नुसती तिकोनी जागा. चोर आला असेल म्हणून मी परसदाराची कडी तपासत बसलो, पोरी. तुझं नाव मनातही आलं नाही.

मग शेजारचा व्हर्जिल वर्तमानपत्र घेऊन आला. म्हणाला, "एमेट, आधी खाली बस." झेंडा जाळणाऱ्याला तुरुंगात टाकणाऱ्या नव्या कायद्याविरुद्ध, पेपरातल्या फोटोत, तू सरकारी कचेरीच्या पायऱ्यांवर झेंडा जाळत होतीस. गावाला विटंबना दिसली. मला तुझ्या काखेतला निळा तुकडा दिसला. तू तो नीट कातरून घेतला होतास. माझेच नियम पाळून तू मला लुटलंस. फोनवर म्हणालीस, ड्वाइटलाही हे पटलं असतं. असेलही. पण त्याला विचारता येत नव्हतं. मला येत होतं. शेजारच्याच खोलीत झोपलो होतो मी.

आता न्यायालयानं तो कायदा खोडला, तर तो पुन्हा आणता यावा म्हणून हे पुढारी राज्यघटनाच बदलायला निघालेत. गुरुवारी राजधानीत समितीपुढे मला बोलायचं आहे. व्हर्जिल म्हणतो, "मेलेल्या पोराचा बाप उभा राहिला की विरोध करणाऱ्यांची तोंडं बंद! रडलास तरी चालेल, गड्या, उलट बरंच."

मी जाणार आहे, आणि असा कायदा करू नका, असं सांगणार आहे. व्हर्जिल पुन्हा माझं तोंड पाहणार नाही. तू मात्र ते पेपरात वाचशील आणि बाबा विरघळला असं समजून धावत येशील, म्हणून आधीच लिहितोय. मी तुला माफ केलेलं नाही. सरकारनं तुला वर्षभर कोंडलं, की शिक्षा भोगून तू मोकळी. मग मी कुणाशी भांडू? झेंडा देशाचा असेल, पण तू तो माझ्या फळीवरून नेलास. हा दावा तुझा-माझा आहे. तो मी कुठल्याही न्यायाधीशाच्या हाती देणार नाही.

इतकं होऊनही तुझाच,
बाबा