गंज, काच आणि आत्याची बरणी

उमेओ,
९ नोव्हेंबर १९८६

तीर्थरूप राग्नहिल्ड आत्यास,
एब्बाचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

तुझा मुरंबा पोचला. प्रयोगशाळेत नेला आणि चूक केली. दुपारपर्यंत बरणी चाटून साफ.

आता मुद्द्याचं. बाबांना अजून सांगितलेलं नाही, आधी तुला सांगते. मी डॉक्टरेट सोडायचं ठरवते आहे. योटेबोरीला रंगाच्या एका कारखान्यात जागा आहे, मार्चमध्ये रुजू व्हायचं.

तुला ठाऊकच आहे, मी गंज बनवते. लोखंडाच्या द्रावणात दाहक क्षारपाणी ओतून पिवळा गंज मुरवायचा, धुवायचा आणि मग पाण्यात सोडून बघायचं, त्या कणांच्या अंगाला काय काय चिकटतं ते. तुझ्या विहिरीतलं आर्सेनिक, तुझा तो सोमल, चिकटावं, म्हणून तर हा सगळा खटाटोप. मागच्या हिवाळ्यातला गंज ते हावरटासारखं ओढून घेत होता. त्याआधीचा मात्र ढिम्म. कृती तीच, हात तेच, पाणी तेच. तराजू बदलला, पाणी पुन्हा गाळलं, हवेतला वायू आत शिरू नये म्हणून बंदोबस्त केला. फरक जागच्या जागी. प्राध्यापक होल्मग्रेन प्रेमाने म्हणाले की, एब्बा, काही प्रश्न सुटत नाहीत, निदान या अनुदानात तरी नाही. ते भले आहेत म्हणून जास्त लागलं.

रागावू नकोस. माया आहे तशी ठेव, भाषण थोडं आखूड कर.

तुझी,
एब्बा

*

ग्रानत्रेस्क,
७ डिसेंबर १९८६

चि. एब्बास,
राग्नहिल्डचे अनेक उत्तम आशीर्वाद, वि. वि.

उत्तराला उशीर केला, कारण पहिली तीन पत्रं चुलीत टाकली. ती फार सौम्य झाली होती.

फोन का करत नाही म्हणून तुझा बाप विचारतो. फोनवर मला मध्येच तोडता येतं, म्हणून! पत्र शेवटपर्यंत वाचावंच लागतं. तर वाच. मी तीस वर्षं दारूबंदीच्या सभा गाजवल्या. समोर बसलेले अर्धे लोक घोट घेऊन आलेले असायचे, म्हणून मी व्यासपीठावरून उतरले नाही. तुझा गंज तर शुद्धीवर आहे! एकदा हो म्हणतो, एकदा नाही म्हणतो, म्हणजे त्याला काहीतरी सांगायचं आहे. जो खोटं बोलत नाही त्याच्यासमोरून तू उठून जाणार? आणि कुठे? बाकांना रंग फासायला? नगरपालिकेने माझ्या विहिरीला फळ्या ठोकल्या तेव्हा तू बारा वर्षांची होतीस. झाकणावर बसून मला म्हणाली होतीस, आत्या, यातला सोमल मी काढीन. मी ते विसरलेले नाही. तू विसर बघू.

असो. ओरडून घसा बसला, म्हणजे मनगट.

परवा आन्नाचा दिवस, नाताळचा सुका मासा क्षारपाण्यात भिजत घालायचा आहे. त्यातच एक दुःख झालं. मागच्या वर्षीचं उरलेलं क्षारपाणी मी आईच्या काचेच्या बरणीत भरून तळघरात ठेवलं होतं. आज काढली तर बरणी आतून धुरकट, म्हाताऱ्या कुत्र्याच्या डोळ्यासारखी. व्हिनेगर लावला, वाळूने घासली, काही उपयोग नाही. लग्नातली बरणी होती गं ती. तुमच्या रसायनशास्त्रात यावर काही औषध असेल तर कळव. तेवढा तरी त्याचा उपयोग होऊ दे.

रागावले आहे, पण मोजे विणते आहे. यावरून काय ते ओळख.

तुझी,
आत्या

*

उमेओ,
२ फेब्रुवारी १९८७

ती. आत्यास,
एब्बाचा शि. सा. नमस्कार, पुन्हा नमस्कार आणि आणखी एक, वि. वि.

बरणीवर औषध नाही. बरणी फेकलीस तर मात्र आयुष्यभर बोलणार नाही!

तुझं पत्र मी जेवणाच्या खोलीत वाचत होते. सोमलाशी आले आणि डोळे भरले, धुरकट बरणीशी आले आणि ताडकन उठले. सूप सांडलं, होल्मग्रेनांच्या पायांवर. क्षारपाणी काच खातं, आत्या! हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असतं. मलाही ठाऊक होतं, पण काच म्हणजे स्वच्छ, असं आमच्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की बाटलीवर संशय घ्यायचं कुणाच्या मनातही येत नाही. जुना गंज मी काचेच्या बाटल्यांत मुरवला होता. मागच्या हिवाळ्यात भांडारातल्या बाटल्या संपल्या म्हणून कुरकुरत प्लास्टिकच्या घेतल्या. फरक तेवढाच!

तुला समजेल असं सांगते. तुझ्या सभागृहात दाराशी वक्त्याची वाट बघत लोक उभे आहेत, पण दार उघडण्याआधीच भिंतींच्या विटा सुटून येऊन बाकांवर बसल्या आहेत. काच विरघळली आणि तिच्यातली वाळू गंजाच्या कणांवर जागा धरून बसली. मग आर्सेनिकने बसायचं कुठे?

तरी नुसतं वाटून भागत नाही, म्हणून आजवर गप्प राहिले. एकच गंज बनवला, अर्धा काचेत, अर्धा प्लास्टिकमध्ये मुरवला. काल दोन्ही तपासले. काचेतला ढिम्म, प्लास्टिकमधला हावरट. होल्मग्रेन, जे कधी आवाज चढवत नाहीत, ते व्हरांड्यात ओरडले. कारखान्याला नकार कळवला. सगळं नव्याने करावं लागेल, वर्षभर तरी. किती मजा!

मोजे घट्ट होतात. तरी घालते. लोभ तुझ्याकडे कधी कमी पडला नाही, विणताना टाकेही वाढव.

तुझी,
एब्बा

*

उमेओ,
२४ एप्रिल १९८८

ती. आत्यास,
एब्बाचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

आज माझा प्रबंध ठोकला. रिवाजाप्रमाणे कोपऱ्यात भोक पाडून विद्यापीठाच्या फळीवर खिळ्याने, सगळ्यांसमोर. तू पाठवलेल्या खिळ्याने! होल्मग्रेनांनी चकचकीत नवा आणला होता, तो खिशातच राहिला. तुझा पहिल्या घावाला वाकला, दुसऱ्याला सरळ झाला, अगदी तुझ्यासारखा. अंगठ्याला गंज लागला, तो अजून धुतलेला नाही. पण तो खिळा विहिरीच्या झाकणाचा दिसतोय. आत्या, विहीर उघडलीस की काय?

आता एक विनंती. प्रबंधाची जाहीर तोंडी परीक्षा चौदा मेला आहे. परीक्षक झ्यूरिकचे, फार कडक. शेवटी अध्यक्ष विचारतात, श्रोत्यांपैकी कुणाला काही विचारायचं आहे का? रीत म्हणून विचारतात. कुणी उठत नाही. तूही उठणार नाहीस. वचन दे.

एवढं ऐक, बाकी जन्मभर मी ऐकेन.

तुझी,
एब्बा

*

ग्रानत्रेस्क,
१९ मे १९८८

चि. डॉक्टर एब्बास,
आत्याचे गगनभर आशीर्वाद, वि. वि.

तुझा बाप सांगतो की मी वचन मोडलं असं तू मेजवानीत सगळ्यांना सांगत होतीस. माझी बाजू ऐकून घे.

तू म्हणालीस, उठू नकोस. मी उठले नाही. दोन तास त्या झ्यूरिककराने तुला सोलून काढलं तरी खुर्ची सोडली नाही. सरळ उभी होतीस, उत्तरं सरळ देत होतीस, आणि मी मनात टाळ्या पिटत होते. मग त्याने विचारलं, काचेचा संशय आलाच कसा? आणि तू काय म्हणालीस? की एका नातेवाइकाच्या स्वयंपाकघरातल्या निरीक्षणावरून! नातेवाइकाच्या! आईची बरणी गेली, आणि आमच्या वाट्याला नातेवाईक!

म्हणून अध्यक्षांनी विचारल्यावर मी बसल्या जागेवरून, हळू आवाजात विचारलं: कोणत्या नातेवाइकाच्या? आता माझा हळू आवाज मागच्या भिंतीला आपटून आला, त्याला माझा इलाज नाही. सभागृह हसलं, झ्यूरिककर तर डोळे पुसत होता. तू गंजासारखी लाल झालीस आणि म्हणालीस की, माझ्या आत्याच्या, ती तिथे बसली आहे, हे सगळं तिच्या विहिरीसाठी आहे, आणि तिने गप्प राहायचं वचन दिलं होतं. तिथे माझा आवाज खरंच बसला. सगळ्या सभा गाजवून झाल्यावर पहिल्यांदा.

विहीर उघडलेली नाही. नगरपालिकेने भरपूर खिळे मारलेत, त्यातला एकच उपसला. तू म्हणालीस, पाणी गाळायला गंज भरलेली पेटी उन्हाळ्यात बसवू, पाणी तपासू, स्वच्छ निघालं तरच प्यायचं. कबूल. तोवर बाकीच्या खिळ्यांना हात लावणार नाही. पक्कड मात्र तेल लावून दारामागे टांगली आहे.

बरणी खिडकीत आहे. आतून अजून तशीच धुरकट. पहिलं पाणी तिच्यात भरून ठेवीन, पण फार वेळ नाही. लगेच कॉफीला लागेल.

लवकर ये. लोभाची कमतरता नाही, बरण्यांची आहे.

तुझी नातेवाईक,
राग्नहिल्ड आत्या