नकाशाच्या मधलं प्रथिन

३ जून, मंगळ.
पेपर स्वीकारला गेला. लॅबप्रमुख सरांनी म्हैसूरपाक वाटला. कंपवाताशी जोडलेलं आमचं जनुक. त्याचं प्रथिन पेशीत कुणाकुणाला चिकटतं, त्याचा नकाशा. दोन वर्षं. एकेक रेघ मी जुने पेपर वाचून तपासली, मजकूर पहिल्या ओळीपासून माझा; लॅबची लेखन-संपादक मीच. लेखकांत नऊ नावं. मी खाली, आभारांत : 'भाषेच्या मदतीसाठी'. विचारलं. सर हसले. "मॅडम, आपको कौनसा प्रमोशन चाहिए?"
म्हैसूरपाक खाल्ला. चांगला होता.

५ जून, गुरु.
प्रूफं आली. सोमवारी पाचपर्यंत परत. आकडे ताडायला सरोजक्काची वही मागितली. अक्का आमची टेक्निशियन, बंगळूरच्या बनशंकरी भागातल्या जुन्या मराठी घरातली, पण शाळा कन्नड, म्हणून वहीही कन्नड. सर कानपूरचे. ती वही वाचू शकणारी लॅबमध्ये अक्का सोडून मी एकटी. निपाणीत वाढल्याचा फायदा.
प्रथिनं बारीक मण्यांवर पकडतात. नुसत्या मण्यांनाही जे चिकटतं ते नकाशातून काढायचं, हा नियम. दिवाळीनंतर मणी नव्या कंपनीचे आले. अक्काने नुसत्या मण्यांची चाचणी पुन्हा केली, स्वच्छ लिहून ठेवली. कुणी उतरवून घेतलीच नाही. चिकटणाऱ्यांत पहिलं नाव : नकाशाच्या मधोमध बसलेलं तेच प्रथिन. पेपरच्या शीर्षकातलं.
म्हणजे आमच्या जनुकाशी त्याचं काही नातं असल्याचा पुरावा नाही.
"मिळालं का गं?" अक्का.
मिळालं म्हटलं. वही परत दिली.

६ जून, शुक्र.
सांगणार नाही. छापू दे. कुणीतरी पकडेलच. पेपर मागे घेतल्याची सूचना मनात लिहूनही काढली. चार वाक्यं, एकही जास्तीचा शब्द नाही. लेखकांत माझं नाव नाही याचं पहिल्यांदा बरं वाटलं.
सर रविवारी रुग्णांच्या घरच्यांपुढे बोलणार. 'औषधाचं दार सापडलं' असं काहीतरी हवंय. लिहून दिलं. त्यांच्याच तोंडून जाऊ दे.
त्या घरच्यांचा विचार नंतर.

९ जून, सोम.
चारला प्रूफं पाठवली. तीन स्वल्पविराम, एक आडनाव. मधल्या प्रथिनाला हात लावला नाही.
साडेपाचला अक्का खुर्ची ओढून बसली. सरांशी भांडून आली होती. हिचं नाव घाला नाहीतर माझं काढा, असं सांगून. "मला घेतलं नि तुला नाही? सरी दिसत नाही ते, बरोबर नाही. वीस वर्षांत पहिल्यांदा आवाज चढवला बघ."
तिला चहा आणून दिला. नऊ नावांत तीही आहे. हे मी धरलंच नव्हतं.

१० जून, मंगळ.
अकराला सर टेबलापाशी. संपादकांनी मान्य केलंय, दहावं नाव माझं. "अब खुश?"
लगेच संमतीचा फॉर्म आला. एक चौकोन : सर्व माहिती मी तपासली आहे आणि ती बरोबर आहे. मुदत उद्या दुपार.
खूण केली तर त्या चार वाक्यांत मीही. नाकारलं तर अक्काला काय सांगू. खरं सांगितलं तर गुरुवारपासून गप्प का, हे सर विचारणार. अक्काही विचारेल, आणि तिचं विचारणं...
अक्का डबा घेऊन आली. केलंस का, म्हणाली.
वाचतेय म्हटलं.
"तूच लिहिलंयस की. त्यात वाचायचं काय?"