शेवटच्या बारा ओळी

९ जाने. ७८, सोम.
सकाळी चहा काळा. दूध कुठे, विचारलं. शां. म्हणाली, "बंद केलं. कालचा पेपर वाचा."
बायको कालचा पेपर मला वाचायला सांगते. रविवारची पुरवणी मीच लावतो, तो मजकूरही मीच लावला. महाल भागातले एक निवृत्त ड्रॉइंग मास्तर. दूध, तूप, अंडी, मटण सोडून धान्य, डाळ, भाजीपाला, फळं एवढ्यावर राहतात. वजन उतरलं, गुडघे दुखायचे थांबले, असं म्हणतात. नव्या वर्षापासून दर रविवारी पाऊण कॉलम. संपादकांना पसंत. मला नाही. तुपाशिवाय इतका आनंदी असलेला माणूस काहीतरी लपवत असतो.
गवळी दारात. शां. त्याला, "उद्यापासून नको गा." तो माझ्याकडे पाहत राहिला. मी पेपरमागे.
शां.चं वजन जास्त आहे, हे खरं. चार वर्षांपासून साखर. धंतोलीचे डॉक्टर दर खेपेला सांगतात, वजन उतरवा. त्यांचं ऐकलं नाही. मास्तरांचं छापून आलं म्हणून ऐकलं.

१२ जाने., गुरु.
डबा: ज्वारीची भाकर, बिनतेलाचा पालक, कच्चा मुळा, अर्धं संत्रं. फोरमन तुकाराम डोकावून गेला. "भाऊ, बकरीनं सोडला वाटते." बाकीचे हसले. मीही.
रविवारचं मटण गेलंच. घरात एक स्वयंपाक, म्हणून मीही पाल्यावर. कोणी मला विचारलं नाही.

१४ जाने., शनि.
संक्रांत. शां.ने तिळगुळाचा एकच कण जिभेवर ठेवला. तो तिला चार वर्षांपासून तसाच.
पुरवणीचं पान उशिरा लागलं. सहा वाजता कापडवाल्याची जाहिरात आली, मास्तरांचा मजकूर बारा ओळींनी जास्त झाला. विषय यावेळी मधुमेह. तुकाराम खिळे उचलायचा चिमटा घेऊन उभा. "भाऊ, खालून उडवू का?" म्हटलं, उडव. शेवटी हे लोक उपदेशच करतात. पान वेळेवर गेलं.

२२ जाने., रवि.
शां.ला स्टेशनवरच्या काट्यावर नेलं, तिच्याच हट्टाने. बहात्तर. सणाआधी पंच्याहत्तर होती. तिकिटामागे भविष्य: 'आपले विरोधक लवकरच नमतील.' तिने ते माझ्यापुढे धरलं.
मी दोनदा चढलो. एक्क्याऐंशी, मग एकोणऐंशी. पाच मिनिटांत दोन किलो. काट्याचंही खरं नाही. पण पँट सैल होते आहे, हे इथेच लिहितो, घरी बोललो नाही.

२७ जाने., शुक्र.
महालात कामाने गेलो होतो. सावजी भोजनालयातून मास्तर बाहेर पडताना दिसले. हातात स्टीलचा डबा, वरून टॉवेल. मी सायकल आडवी घातली.
"मास्तर, हे काय?"
"जावई आला जी. त्याले पाल्यावर कसं ठेवू?"
डबा गरम होता. मटणाचा वास मला कळतो, तीस वर्षं खाल्लंय. उघडा म्हणणार होतो, शोभलं नसतं. ते डबा छातीशी धरून झपाझप गेले. जावयाचा डबा इतक्या मायेने कोणी नेतं का?

१ फेब्रु., बुध.
शां. अडुसष्ट. ब्लाउज आत घेतले. शेजारच्या कुसुमबाई विचारायला येतात, शां. त्यांना सगळं नीट शिकवते. इतकी खूश बऱ्याच दिवसांत पाहिली नव्हती.
एक टोचतं. दिवसभर पाणी पिते. तांब्या जवळ घेऊनच बसते. मोरीत फेऱ्या. "काहून वं, इतकं पाणी?" विचारलं तर म्हणे, "पाला पचवाले पानी लागते." मास्तरांच्या कोणत्याच मजकुरात हे वाचल्याचं आठवत नाही. पाचही मी वाचले आहेत. निदान तसं समजून आहे.

४ फेब्रु., शनि.
सकाळी दाढीचं ब्लेड शोधताना कपाटात लघवी तपासायची काचेची नळी दिसली. दर सोमवारी शां. निळ्या औषधात थेंब टाकून दिव्यावर उकळायची. हिरवं झालं तर बरं, पिवळं झालं तर पथ्य, विटकरी झालं तर धंतोली. नळीवर धूळ. शेजारी गोळ्यांची बाटली. डिसेंबरअखेर आणलेली, जवळजवळ भरलेली.
"गोळी घेत नाहीस?"
"नाही. तीन आठवडे झाले."
"कोणी सांगितलं?"
"तुमच्या पेपरानं."
पाककृतीच्या वहीत कात्रण डकवलेलं. पंधरा तारखेचं. तिने बोट ठेवलं, मी वाचलं. शेवटचं वाक्य: 'भाजीपाल्यावर राहणाऱ्या माणसाला औषधाची गरज हळूहळू उरत नाही.' पूर्णविराम. खाली कापडवाला.
म्हटलं, आजपासून घे. म्हणाली, "बरी आहो मी. तुमाले काहून बघवत नाही?"
उद्या महाल. मास्तरांना सोडत नाही.

५ फेब्रु., रवि.
मास्तरांकडे बोलायची वाक्यं सायकलवर जुळवत गेलो. त्यांनी बसवलं, बोरं पुढे केली. मी कात्रण ठेवलं. त्यांनी वाचलं, आत गेले, फाइल आणली. सगळा मजकूर कार्बन घालून लिहितात, ड्रॉइंग मास्तरांचं अक्षर. त्या वाक्याखाली आणखी एक परिच्छेद. 'मात्र डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय एकही गोळी बंद करू नये. आहार बदलताच साखरेची तपासणी अधिक वेळा करावी. तहान वाढली, वजन फार झपाट्याने उतरले, तर तो गुण समजू नये.' असंच पुढे. छापला तर बारा ओळी.
"मले वाटलं जागा नसंन," मास्तर म्हणाले. रागाने नाही. रागावले असते तर बरं झालं असतं.
आतून एक धिप्पाड माणूस तोंड पुसत आला, नमस्कार करून गेला. जावई. खराच आहे.

६ फेब्रु., सोम.
ऑफिसात तारेला टोचलेली जुनी प्रुफं चाळली. पंधरा तारखेचं सापडलं. शेवटच्या परिच्छेदावर निळी आडवी रेघ. रेघ माझी.
धंतोलीला डॉक्टरांना भेटलो. ऐकून घेतलं, चष्मा काढला. "भाजी खाऊ द्या, उत्तम आहे. तेल, तूप, मटण कमी, मीही तेच सांगत होतो. पण सात किलो कशाने उतरले? पाल्याने की साखरेने? रक्त पाहिल्याशिवाय मला सांगता येणार नाही. आजच आणा."
शां. येत नाही. बारा ओळींचं सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं.
"तुमी म्हणता. छापून कुठं आलं?"
"मीच उडवलं, मीच सांगतो."
"एकोणतीस वर्षांत पेपरातलं चुकलं म्हणून तुमी एकदा तरी सांगितलं का? आता मटन बंद झालं तं सांगता."
सायकल काढून ऑफिसात गेलो.
संध्याकाळी संपादकांशी बोललो. ते म्हणाले, येत्या रविवारी चार ओळी. मी म्हटलं, उद्याच, पान तीनवर, आणि बाराच्या बारा. मी कधी हट्ट करत नाही, म्हणून बहुधा हो म्हणाले.
पान लागताना तुकाराम, "भाऊ, जास्त होऊन राहिलं. खालून—" माझं तोंड पाहून थांबला. वरची सभेची बातमी अर्धी केली.

७ फेब्रु., मंगळ.
छापून आलं. 'आमच्याकडून अनवधानाने' वगैरे, मग मास्तरांचा परिच्छेद पूर्ण. शां.ने चष्मा लावून दोनदा वाचलं.
"वरचं तुमीच लिहिलं."
"हो."
"खालचंही तुमीच. तुमाले येते कोणाच्याही भाषेत लिहाले."
मास्तरांची कार्बन प्रत आणून देतो म्हटलं. "कार्बन कोणीही काढते." आयुष्यभर मी ज्या नजरेने मजकूर तपासला, त्या नजरेने ती माझ्याकडे बघत होती.
दुपारी ऑफिसात पोस्टकार्ड. उमरेडहून एक निवृत्त तलाठी. 'आपला मधुमेहावरील लेख वाचून गोळ्या थांबविल्या, हलके वाटते, आभारी आहे.' मजकुरावर तारीख नाही, शिक्का पुसट. लगेच तार केली. अशी किती कार्डं कोणी लिहिलीच नसतील.

१० फेब्रु., शुक्र.
उमरेडहून उत्तर नाही.
मास्तर स्वतः घरी आले, पायी, धापा टाकत. शां.ने पाणी दिलं. ते तिला म्हणाले, "बाई, माझं ऐकून दूध सोडलं ना? मग माझंच ऐकून गोळी घ्या."
शां. म्हणाली, "यांनी पाठवलं तुमाले?"
"नाही जी. यांच्यावर मी अजून रागावून आहो."
ती हसली. मग म्हणाली, सोमवारी नळी काढते. रंग सांगेल ते. गोळीचं मात्र तेव्हाच बघू. मी आजच काढ म्हटलं. "सोमवारचाच दिवस असते तिचा."
तोवर तांब्या दोनदा भरला. मोजत नाही म्हणतो, मोजतो.

१३ फेब्रु., सोम.
सकाळी ओट्यावर दिवा, चिमटा, नळी. मी दूर राहावं असा हुकूम. राहिलो, पण दारातच. निळं उकळलं, वर आलं, खाली बसलं. तिने नळी खिडकीकडे धरली.
"हिरवा," ती म्हणाली.
मला पिवळा दिसला. म्हटलं, अंगणात उन्हात बघू. अंगणात आलो. तिथेही तिला हिरवा, मला पिवळा. कुंपणावरून कुसुमबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "मुगाच्या डाळीसारखा." सालाची की बिनसालाची, हे विचारायचा धीर दोघांनाही झाला नाही.
मग शां. आत गेली. कपाट उघडल्याचा आवाज आला, बाटलीचं झाकण फिरल्याचाही. पाठोपाठ तांब्या. पाणी ती तशीही पितेच.
विचारलं नाही. विचारलं तरी खरं सांगेल का, आणि सांगितलं तरी मी मानेन का?
दुपारी चारला धंतोली. येते म्हणाली आहे, वायलची नवी साडी काढून ठेवली. नळी खिडकीत उभी करून ठेवली आहे, डॉक्टरांना दाखवायला. ढग येऊन गेला तेव्हा हिरवी वाटली.