इंचभर आरसा

जळगाव, मंगळवार

तीर्थस्वरूप अक्कास,

धाकट्या कौतिकचा धुळ्याकडे तोंड करून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? दाजींचा खोकला थांबला असेल असं धरून चालते. इकडे गजाननाच्या कृपेने मी, हे आणि हितेंद्र ठीक आहोत. सूनबाई ठीक नाही. (तब्येत चांगली आहे. वस्तू हरवली आहे.)

हेमांगीच्या पीएचडीचं तुला सांगायचं राहिलंच. दोन आरसे समोरासमोर ठेवायचे आणि मध्ये एका रंगाचा थर द्यायचा, तोही इतका पातळ की आपल्या एका केसाचे हजार पापुद्रे काढले तर त्यातला एक. आत शिरलेला उजेड दोन आरशांमध्ये येरझारा घालतो. रंग तो गिळतो, परत देतो, पुन्हा गिळतो. ही देवघेव इतक्या झपाट्याने चालते की शेवटी नुसता उजेड राहत नाही की नुसता रंग राहत नाही, दोघांचं मिळून तिसरंच काही होतं. मी म्हटलं, हे तर आमचं आणि शेजारच्या सलीमाभाभींचं झालं. त्यांच्याकडून शीरखुर्म्याची वाटी येते, मी तीत पुरण घालून परत पाठवते, ती पुन्हा शेवया घेऊन येते. बारा वर्षांत ती वाटी मूळची कोणाची हे दोघींनाही सांगता येत नाही. हेमांगी म्हणाली की इतकं सोपं करून तिच्या सरांनीही कधी सांगितलं नाही. (मिरवायला लिहीत नाही, ती म्हणाली म्हणून लिहिते.) अशा थरातून काढलेल्या लेसरला वीज थोडी लागेल म्हणे. हे ऐकलं तेव्हा मला ती पीएचडी पटली.

तर सहा महिन्यांत असे तेवीस तुकडे बिघडले आणि एकच साधला. तो इंचभर तुकडा परवा गुरुवारी पुण्याला लेसरखाली तपासायचा आहे. हा नंबर चुकला तर पुढचा दिवाळीनंतर. शुक्रवारी तिने तो काळ्या डबीत घरी आणला, खणात ठेवला, आणि रविवारी बघते तर डबीच नाही! मग आम्ही तूरडाळ चाळली, ह्यांचे खिसे उलटे केले, गादीची शिवण उसवली. मी पद्मालयाच्या गणपतीला नारळ बोलले. (एकात भागेल असं वाटलं होतं. काल दोन केले.) आज सकाळी ह्यांनी भांडीवालीचं नाव काढलं, तेव्हा मी त्यांना असं झापलं की ते अजून गच्चीवर आहेत. हेमांगी मात्र कोणाला बोलत नाही. चूक माझीच, घरी आणायलाच नको होतं, एवढंच म्हणते आणि पानावरून उठते. ते बघवत नाही गं.

बाकी क्षेम. शालिग्रामभाऊ उद्या सकाळच्या एस.टी.ने नेहमीच्या फेरीला धुळ्याला येत आहेत, त्यांच्या हाती हे पत्र देते.

तुझी कौतिक

ता. क. शनिवारी तुझा लाडवांचा डबा शालिग्रामभाऊंबरोबरच परत पाठवला, आठवतं? रिकामा कसा पाठवायचा? नेमकं घरात काही केलेलं नव्हतं. खणात काळ्या डबीत एक आरसा दिसला, संक्रांतीच्या वाणातला उरला असेल म्हणून तुझ्या डब्यात ठेवला. (डबी घट्ट झाकणाची होती, ती वेलदोड्यांना ठेवून घेतली.) काल तू फोनवर म्हणालीस, "आरसा भारी शे कौतिक, पण त्यामा मी हिरवी दिखस," तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला, तोवर ती डबी मला वेलदोड्यांचीच वाटत होती. तुला ओरडून सांगावं लागतं आणि हेमांगी शेजारीच बसलेली, म्हणून फोन ठेवला. तरी उद्या संध्याकाळच्याच गाडीने तो शालिग्रामभाऊंकडे दे. चकाकी यावी म्हणून चिंच-मीठ लावू नकोस. कुंकू लावलं असशील तर तसंच राहू दे. आणि हेमांगीने विचारलं तर म्हण, माझ्या डब्यात कसा आला देव जाणे. तुझ्यावर कोणी संशय घेणार नाही.

ता. क. २. वरची शेवटची दोन वाक्यं वाचू नकोस. देवासमोर दिवा लावायला गेले आणि असलं खोटं लिहून तो लावता येईना, म्हणून हे पत्र हेमांगीच्याच हातात दिलं. तिने वेलदोड्यांची डबी काढून उघडली, वास घेतला, आणि रडता रडता हसायला लागली. थर वरून काच डकवून बंद केला आहे, घासला नसेल तर वाचेल म्हणते. तिचा तुला निरोप आहे: मावशी, आरसा कोऱ्या कागदात गुंडाळून डब्यात ठेवा, आणि पाया पडते, त्या डब्यात दुसरं काहीही घालू नका.

(लाडू दुसऱ्या डब्यात पाठव.)