गटाराच्या तोंडाची फळी

कशेळे,
मंगळवार, १५ जुलै २०२५

चि. योगेंद्र यास,
विनिताताईचे अनेक आशीर्वाद. संजना आणि पोरं मजेत असतील. मी आणि रूपेश, आम्ही दोघं ठीक आहोत. घर कोरडं आहे.

पत्र बघून हसशील. फोन असताना ही पत्र कसलं लिहिते? पण माझं नाव दिसलं की तू फोन पालथा ठेवतोस, हे मला संजनाने सांगितलंय. तिला रागावू नकोस. पत्र वाजत नाही, त्यामुळे ते पालथं ठेवायची गरज नाही. कधीतरी वाचशील.

इथे बाजारात कंटोळी आली आहेत. शेवळं यंदा लवकर संपली. तुला दोन्ही आवडतात म्हणून लिहिलं, बाकी काही नाही.

आता घराचं. आपल्या वरच्या खाचरात घरासाठी भराव टाकायला घेतला, तेव्हाच सुनील कॉन्ट्रॅक्टर म्हणाला होता की डोंगराचं पाणी मागच्या भिंतीवर येणार. म्हणून घराला वळसा घालून पक्कं गटार बांधून घेतलं. चांगलं रुंद, नीट उताराचं, वर जाळ्या. पागोळ्यांचं, अंगणाचं, डोंगराचं, सगळं पाणी त्यात. आणि त्याचं तोंड खालच्या बांधावर, म्हणजे तुझ्या खाचराच्या डोक्यावर. उतारच तिकडे, दुसरीकडे पाणी जाणार कुठे?

पण त्या तोंडाला मी फळी ठोकून घेतली.

सुनीलने कपाळावर हात मारला. "ताय, येवढं गटार बांधलं नि तोंडाला बूच? कोनाची वाट बघताय? पानी काय थांबनार नाय." मी म्हटलं, तू तुझं काम कर.

तुला कारण सांगायला नको. आबांच्या वेळी वरच्या खाचराचं पाणी खाली सोडायचं तर आधी हाक मारायची, "पानी सोडते रं!" खालच्याने "येऊ दे!" म्हटलं की मगच बांध उघडायचा. खाली नुकती लावणी झाली असेल तर खालचा नाही म्हणणार, आणि वरच्याने गुमान थांबायचं. गावात सगळ्यांचं असंच. आपल्यात वर मी असायचे, खाली तू. तू मुद्दाम उत्तर द्यायचा नाहीस. मी ओरडून ओरडून रडकुंडीला आले की बांधाआडून बेडकासारखा उठायचास. फटके द्यायला हवे होते खरे.

तर त्या हाकेशिवाय तुझ्या रोपांवर पाणी सोडायला माझा जीव होईना. आणि हाक मारायलाही होईना. वाटायचं, घेतलंस तेवढं कमी पडलं का, असं म्हणशील.

परवा रविवारी सकाळपासून पाऊस नुसता कोसळत होता. दुपारी गटार काठोकाठ भरलं. मग अंगण, मग खालची पायरी, मग तिच्यावरची. वैशाखात वास्तुशांत झालेलं घर, भिंतींचा रंग अजून नवा, आणि उंबऱ्याशी मातकट पाणी! रूपेश पहार घेऊन धावले, तर मी फळीपुढे आडवी.

"हाक मारल्याबिगर नाय काढायची," म्हटलं.

"अगं, खाली कोन हाय का तिथं? घरात पानी शिरतंय नि तू हाका कसल्या मारतेस!"

खाली कोणी नाही, असंच मलाही वाटत होतं. तरी बांधावर चढले आणि जीव खाऊन ओरडले, "पानी सोडते रं, योगू!" पावसात माझा आवाज मलाच ऐकू येईना. पुन्हा ओरडले. रूपेशनी पहार उचललीच होती.

आणि खालून आलं, "येऊ दे!"

डोक्यावर निळा प्लास्टिकचा कागद, हातात फावडं. कागदाखालचा चेहरा दिसला नाही, पण तो आवाज मी विसरेन होय? दोन वर्षांत तू माझ्याशी बोललेले दोन शब्द. रूपेशनी फळी उपटली. पाणी असं काही धावलं की बघता बघता पायऱ्या उघड्या पडल्या. उंबऱ्याच्या आत थेंब नाही. मी तिथेच चिखलात बसून रडले. घर वाचलं म्हणून रडते, असं रूपेशना वाटलं. तेही होतंच. डोळे पुसून वर बघते तर तू परत लोधिवलीला, तुझ्या घराच्या वाटेला लागलेला.

काल खाली उतरले, तुझी किती रोपं वाहून गेली ते बघायला. एक रोप हललेलं नव्हतं. बांधाच्या कडेने पार ओढ्यापर्यंत चर खणलेला, आणि चराशेजारची पट्टी लावणीच्या वेळीच मोकळी सोडलेली. म्हणजे जूनमध्येच तू माझ्या पाण्याला वाट करून ठेवलीस, आणि मी येडी वर फळी ठोकून बसले! ती फळी आज बंबात घातली. आंघोळीला चांगलं कढत पाणी मिळालं.

योगू, जे लिहायचं टाळत इथवर आले, ते आता लिहिते. हक्कसोडीवर मी सही केली नाही, याचं मला वाईट वाटत नाही. मीही आबांचीच. बहिणींनी सही करायची आणि साडी घेऊन सासरी परतायचं, हे मला तेव्हा पटलं नाही, आजही पटत नाही. पण त्या दिवशी तू भांडला असतास तर बरं झालं असतं. चहाचा कप तसाच ठेवून उठलास, तो गप्पच. घर झालं, वास्तुशांत झाली, सगळ्या गावाने नावाजलं, आणि मी जेवणावळीत दाराकडे बघत वाढत होते. जमीन मला हवी होती, तुझ्या बदल्यात नको होती.

यंदा राखी पोस्टाने पाठवणार नाही. पौर्णिमेला कंटोळी घेऊन स्वतः येतेय. वर येणार नाही, तुझ्या बिल्डिंगखाली उभी राहीन. यंदा वर तू, खाली मी. मनात जे साठलंय ते सगळं सोड, शिव्या असतील तर शिव्या. मी मधे तोंड उघडणार नाही, एवढंच ओरडेन, अख्ख्या बिल्डिंगने ऐकलं तरी चालेल:

येऊ दे!

खाली उभी असलेली,
तुझी ताई
विनिता